चुडा आधी, नखं नंतर

९ नोव्हेंबर, रविवार

बोलून बसलो. आता निस्तरायचं कसं?

दुपारी सिंधुकाकू आणि त्यांची मुलगी शिवांगी लोह्याच्या आमच्या बांगड्यांच्या दुकानात आल्या होत्या. तीस तारखेला शिवांगीचं लग्न आहे, लातूरला. मुलगा रेणापूरचा. चुड्याचं माप द्यायला आल्या होत्या. शिवांगी शाळेत माझ्या वर्गात होती. मी नववीत शाळा सोडली, ती पुढे शिकली. आता लातूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे.

बडेअब्बांनी नेहमीसारखे डोळे मिटले, तिचा पंजा हातात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाबला आणि म्हणाले, "दोन-चार. आईचाच हात हाय." माझे आजोबा माप घ्यायला कधी कडं वापरत नाहीत. पंचावन्न वर्षं हात दाबूनच सांगतात आणि चुकत नाहीत.

मग सिंधुकाकू चाचरत म्हणाल्या, "चाचा, राग मानू नका. नांदेडची पार्लरवाली म्हणून राहिली, चुडा बी आम्हीच भरतो अन् नखं बी आम्हीच करतो. सगळं एकातच. पोरीनं नखाचं लई मनावर घेतलंय."

शिवांगीने हात पुढे केला. नेलपेंट लावून तीनच दिवस झाले होते, सगळी टोकं उडालेली. "दिवसातून चाळीस वेळा सॅनिटायझर चोळते बाबा. चुड्यापासून सत्यनारायणापर्यंत आठ दिवस टिकायला पाहिजे. फोटोत हातच दिसत्यात."

त्या घरातला प्रत्येक चुडा आमच्या घराने भरला आहे. सिंधुकाकूंचा बडेअब्बांनी, त्यांच्या सासूबाईंचा बडेअब्बांच्या वडिलांनी. बडेअब्बा बोटांनी गल्ल्याची कडा चाचपत बसले. मला ते बघवलं नाही. मी म्हणालो, "नखं मी करून देतो. आठ दिवस टिकतील. चुडा आमच्याकडंच राहू द्या."

सिंधुकाकू हसल्या. "बघ बाबा. जमलं तर जमलं. न्हाई तर मी त्या पार्लरवालीला हो म्हणून सांगते."

आम्ही दुकानात नेलपेंटच्या बाटल्या विकतो. त्यापलीकडे मला त्यातलं काहीही कळत नाही.

रात्री जेवताना बडेअब्बा एवढंच म्हणाले, "मनियार चूडी भरता. रंग नै लगाता."

दादी तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "हाथ तो वोइच पकडना है ना? चूडी के वास्ते पकडे तो मनियार, रंग के वास्ते पकडे तो क्या चोर?"

बडेअब्बांनी पाणी मागितलं.

१० नोव्हेंबर

झोप लागली नाही. मला बडेअब्बा बांगडीसुद्धा भरू देत नाहीत आणि मी नखांचं कबूल करून बसलो. मागच्या वर्षी एका बाईच्या हातात माझ्याकडून एकदम चार वाढल्या — बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. रक्त आलं होतं. तेव्हापासून माझं काम मोजायचं, बांधायचं, धूळ पुसायची.

माझा हात घाबरला की घामेजतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. या वहीला सांगतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळच्या एसटीने नांदेडला गेलो. दोन दुकानं फिरलो. पहिल्या दुकानात बायकांची गर्दी होती, मी बाहेरूनच परत. दुसऱ्यात धीर करून विचारलं, "टिकणारं नेलपेंट दाखवा." दुकानदार म्हणाला, "कुणासाठी?" म्हटलं, "दुकानासाठी." तो म्हणाला, "मग नुसता रंग काय नेता? खालचा बेस कोट न्या, वरचा टॉप कोट न्या. रंग टिकत नसतो, हे दोघं त्याला टिकवत असतात."

हे वाक्य मी एसटीत बसल्याबसल्या लिहून घेतलं.

आणलं ते असं. बेस कोट, टॉप कोट, फिकट गुलाबी, लाल, रिमूव्हर, कापूस, नखं घासायची बारीक कानस. पिशवी मांडीवर धरून आलो. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "औषधं का?" मी हो म्हणालो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सराव अलीझावर. माझी बहीण अकरावीला आहे, तिची जीभ कात्रीसारखी चालते. ती नेलपेंट लावत नाही, कारण वुजूचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुतात ते, पाणी नखाला पोचत नाही आणि नमाज होत नाही. पण दादीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "अब्बी लगा ले. रविवार तक चलता." मी का म्हणून विचारलं नाही. मला कळलं आणि माझे कान गरम झाले.

मोबाइलवर बघितलं होतं तसं आधी तिचे हात कोमट पाण्यात बुडवून ठेवले. पुसले. बाटली खडखड हलवली. दोन जाड थर दिले. पंखा पाचवर.

"भाई, ये नखून है के गुलाबजामून?"

खरंच तसं दिसत होतं. रंगात बुडबुडे. कडेला कातडीवर ओघळ. एक तास झाला तरी आत ओलं. अलीझाने झोपताना उशीला हात लावला तर उशीच्या अभ्र्याचे धागे नखावर उमटले.

१३ नोव्हेंबर

सकाळी अलीझाने भाकऱ्या थापल्या. दुपारपर्यंत सात नखांचे पोपडे गेले. पीठ मळताना पडलेला एक पोपडा सापडला नाही. दादीने ते पीठ कोंबड्यांना घातलं आणि माझ्याकडे बघितलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चुका एकेक करून शोधायच्या असं ठरवलं. धम्मप्रिया मॅडम शाळेत चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावायच्या. पहिल्यांदा रडायला यायचं. नंतर हात आपोआप बरोबर लिहायचा. ही सवय मला त्यांनी लावली. शाळा सोडली तेव्हा पहिली वहीही त्यांनीच दिली. ही पाचवी.

आजची पहिली चूक सापडली — पाणी. नख पाणी पितं आणि फुगतं. त्यावर रंग दिला, की नख वाळून आक्रसतं आणि रंगाला तडा जातो. लाकडी दार पावसाळ्यात फुगतं तसंच. म्हणजे हात आधी बुडवायचे नाहीत. कोरड्या नखावरच काम.

दुसरी चूक — बाटली हलवली. हलवली की हवा शिरते. तळहातांमध्ये धरून लाटायची.

अलीझाचा उजवा हात पुसून पुन्हा केला. डावा तसाच ठेवला, तुलनेसाठी. ती म्हणाली, "मैं कॉलेज ऐसीच जाऊँ? एक हाथ दुल्हन का, एक हाथ खेतवाली का?"

१६ नोव्हेंबर, रविवार

उजवा हात दोन दिवस टिकला. मग अंगठा आणि तर्जनी गेली. फक्त तीच दोन. मी बराच वेळ विचार करत बसलो, तीच का?

दादीने सोडवलं. ती अलीझाच्या केसांना तेल लावत होती. म्हणाली, "तू रंग लगाया उसके पैले इने मेरे सर में तेल डाली थी. अंगूठे से और इस उंगली से."

तेल! नखावर तेलाचा नुसता वास असला तरी रंग धरत नाही. म्हणजे साबणाने धुवायचं, तासभर कोरडं होऊ द्यायचं, मग कापसाला रिमूव्हर लावून प्रत्येक नख पुसायचं. रंग काढायला नाही, तेल काढायला. त्यानंतर त्या नखाला बोटही लावायचं नाही.

आज अलीझाचे हात पुसून दिले. तिचे दिवस संपले. सॉरी — तिची सवड संपली. आता सराव कुणावर?

माझे पाय आहेत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज वाईट दिवस.

बडेअब्बा जेवायला गेले होते, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मनात आलं, फळ्या नीट लावाव्यात. आमच्या दुकानात बांगड्यांचे डबे कसेही आहेत. हिरव्याशेजारी जांभळा, त्याच्याशेजारी लाल, मध्येच मोती. मी आधी जुनी मांडणी या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतली, फळी नंबर आणि डबा नंबर टाकून. मग सगळं रंगाप्रमाणे लावलं. फिकटापासून गडदापर्यंत. इतकं सुंदर दिसत होतं.

बडेअब्बा आले. पाठोपाठ एक बाई आली, म्हणाली हिरव्या द्या, पोरीचं डोहाळजेवण आहे. बडेअब्बांनी मागे न बघता हात टाकला आणि तिच्यापुढे जांभळ्या ठेवल्या.

ती म्हणाली, "चाचा, ह्या हिरव्या हायत व्हय?"

बडेअब्बांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. बाई गेल्यावर म्हणाले, "किसने हाथ लगाया?" मी सांगितलं. "मेरी दुकान है. मेरेकू पूछा?" त्यानंतर संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक आलं की डबे मलाच काढायला लावले.

एवढं रागावण्यासारखं काय होतं? पण त्यांची सवय मी मोडली हे खरं. पुन्हा पहिल्यासारखं लावू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "रहने दे अब."

१९ नोव्हेंबर

पायाची पाच नखं गुलाबी. डाव्या पायाची. दिवसभर मोजे घालतो. पातळ थर दिले — बेस कोट, रंग दोनदा, टॉप कोट. प्रत्येक थरानंतर दहा मिनिटं. ब्रशचे तीन फटकारे, मध्ये एक आणि कडेला दोन. आणि शेवटी नखाच्या टोकावरून ब्रश आडवा फिरवायचा, म्हणजे टोकाची धार झाकली जाते. रंग सुटायला सुरुवात टोकापासून होते. वहीच्या कव्हरची कडा दुमडून चिकटवतो तसंच.

हात थरथरत होता. मग लक्षात आलं — करंगळी टेकवली, की थरथर थांबते. बडेअब्बा बांगडी भरताना हाताची कड गिऱ्हाइकाच्या मनगटाला टेकवतात. मी लहानपणापासून बघतोय आणि आज कळलं, ते का करतात.

बडेअब्बांचा राग आता निवळला. बाजारात जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून चालतात, मी दहा वर्षांचा असल्यासारखा. मला आवडतं. सांगत नाही.

२० नोव्हेंबर

हळद! हळदीचा विचारच केला नव्हता.

तेलात कालवलेली हळद घेऊन पायाच्या अंगठ्याच्या नखावर तासभर ठेवली. धुतल्यावर फिकट गुलाबीचा रंग कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यांसारखा झाला.

शिवांगीला फोन केला. म्हटलं, लाल घे, लालवर हळद दिसत नाही. ती म्हणाली, "लाल नको. सगळ्या नवरींचं लालच असतं. फिकट गुलाबीच पाहिजे, नखं माझी वाटली पाहिजेत." मग म्हणाली, "तुला जमत नसंल तर सांग, साद. मी आईला काय म्हणणार नाही." हे तिने इतक्या हळू आवाजात सांगितलं, की मी लगेच म्हणालो, जमतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

जुम्म्याच्या नमाजाला बडेअब्बांसोबत मशिदीत गेलो. वुजू करायला नळावर बसलो. हात धुतले, चूळ भरली, तोंड धुतलं. मोजे काढले. पाच रंगवलेली नखं, ऊन पडलेलं, चमकत होती.

शेजारच्या नळावर घड्याळ दुरुस्तीवाले चाचा. त्यांनी पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पायाकडे. म्हणाले, "शादी तय हुई क्या बेटा?"

दुसऱ्या बाजूला बडेअब्बा. माझ्या पायापासून त्यांचा हात वीतभर. त्यांनी एकदाही मान वळवली नाही. शांतपणे पाय धुतले, माझा खांदा धरून उठले. मी पोटात दुखतंय म्हणून घरी पळालो, रिमूव्हरने पाय पुसला, पुन्हा वुजू केली आणि शेवटच्या रांगेत उभा राहिलो. सगळा वेळ वाटत होतं, सगळी मशीद माझ्या पायाकडे बघते आहे.

घरी येताना बडेअब्बांनी दहा मिनिटं नुसती साखरेच्या भावाची गोष्ट केली. माझी लाज राखली त्यांनी. इतक्या मोठ्या मनाचा माणूस आणि मी त्यांच्या फळ्या विसकटतो.

अलीझाला घड्याळवाल्या चाचांच्या मुलीकडून कळलं. ती अजून हसते आहे.

२२ नोव्हेंबर

पाच नखं पुन्हा. तीन दिवसांची मेहनत पाण्यात गेली, पण मोजून ठेवलं आहे. काढली तेव्हा तिसरा दिवस होता, एकाही टोकाला ओरखडा नव्हता.

हळदीचं उत्तर सापडलं असं वाटतं. टॉप कोट दोनदा द्यायचा. पूर्ण वाळला, की हळदीच्या आधी नखांवर खोबरेल तेलाचा जाड हात. आता तेल चालतं, खाली कोट आहे. हळद तेलावर राहते, आत जात नाही. नंतर साबणाने धुवायचं. आजचा अंगठा स्वच्छ निघाला. दोनदा केलं, दोनदा स्वच्छ.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आणखी एक चूक, आणि ही सगळ्यात मोठी झाली असती.

माझं ठरलं होतं, आधी नखं करू, मग बडेअब्बा निवांत चुडा भरतील. दादीने विचारलं, "चूडी कैसे चढाते रे?" मी सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. बांगडी चढवताना पंजाला साबणाचं पाणी लावतात. बोटं गोळा करून दाबतात, अंगठा आत वळवतात. नखावर नख घासतं. तासाभरापूर्वीचा रंग त्यात काय राहणार?

मनियाराच्या घरात जन्मलो आणि हे मला सुचलं नाही.

म्हणजे चुडा आधी, नखं नंतर. मधल्या वेळात हात पुसून कोरडे करायचे, एक तास. काचेच्या बांगड्या भरलेला हात कसा टेकवायचा? मांडीवर जाड रजई, तिच्यावर उशी. हे दादीवर करून बघितलं, तिच्या हातात आठ बांगड्या असतात. दादीने नेलपेंटची बाटली बघून आधी नको म्हटलं, मग म्हणाली, "एक नखून पे लगा. करंगली पे. नमाज के पैले निकाल दे." लाल लावली. तिने हात लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. बडेअब्बांपुढे नेला. "देखो जी." बडेअब्बांनी तिची करंगळी धरली, तिच्यावरून अंगठा फिरवला. "अच्छा है." दादी हसली नाही, पण तिने तो हात दुपारभर पदराबाहेर ठेवला.

२६ नोव्हेंबर

सिंधुकाकूंचा फोन. पार्लरवालीला हळदीच्या दिवशी साडी नेसवायला बोलावलंच आहे. म्हणाल्या, "तिला म्हणलं, तवा नखं बघ. नीट असली तर असू दे, नसली तर पुसून टाक. अन् चाचांना सांगू नको." मी बडेअब्बांना सांगितलं नाही.

हात धुतले. पुन्हा धुतले. उद्या.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सगळं क्रमाने लिहितो, काही सुटायला नको.

सकाळी नऊला शिवांगीच्या गावी पोचलो, लोह्यापासून अर्धा तास. अंगणात मांडव. भुजंगकाकांनी, म्हणजे शिवांगीच्या वडिलांनी, बडेअब्बांचा हात धरून त्यांना आत नेलं. सतरंजीवर बसवलं. पंधरा-वीस बायका भोवती. एक म्हातारी म्हणाली, "मनियारा, म्हातारा झालास की रं." बडेअब्बा म्हणाले, "तू तेवढी तरणी राहिलीस, चालतंय."

मला म्हणाले, "हिरव्या काढ." मी पेटीतून काढून त्यांच्या हातात दिल्या. डोळे मिटले. उजवा हात धरला. साबणाचं पाणी, दोन थेंब. बोटं अशी गोळा केली, की शिवांगीला कळलंही नसेल. एक. दोन. तीन. ती कशाबद्दल तरी हसत होती आणि बांगड्या चढत होत्या. अकरा झाल्या. एकही वाढली नाही.

मग डावा. बारा भरायच्या, एक देवाची. बडेअब्बांनी शिवांगीचा हात उचलला आणि माझ्या हातात ठेवला.

"अब तू."

मी कुजबुजलो, "बडेअब्बा, नको. नवरीचा हात आहे."

"इसीलिए बोल रा हूँ."

माझे तळवे ओले झाले. करंगळी तिच्या मनगटाला टेकवली. पहिली गेली. दुसरी. पाचवी बांगडी अंगठ्याच्या गाठीवर अडकली. पुढे जाईना, मागे येईना. सिंधुकाकूंनी पदर तोंडाशी धरला. मला मागच्या वर्षीचं रक्त दिसायला लागलं. तेवढ्यात बडेअब्बांनी चाचपत आपला हात माझ्या हातावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. म्हणाले, "देख नको. हाथ से पूछ." मी डोळे मिटले. गाठीखालचं हाड लागलं, अंगठा सूतभर आत वळवला आणि बांगडी उतरली, लोण्यावरून उतरावी तशी.

बारा झाल्या. एकही वाढली नाही.

चुडा भरला की नवरीने मनियाराला नमस्कार करायचा, ही रीत. शिवांगी बडेअब्बांच्या पाया पडली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग ती माझ्याकडे वळली. "आता तुझ्या बी पडावं लागतंय का काय? भूगोलाच्या पेपरला माझं बघून लिहिलंस तू." सगळा मांडव हसला. पण ती वाकली. मी कुठे बघू तेच कळेना.

तासभर थांबलो. मग रजई, उशी. रिमूव्हरने पुसणं. बेस कोट. फिकट गुलाबी, दोन पातळ थर. टोकं झाकली. टॉप कोट दोनदा. दीड तास लागला. हळदीच्या आधी नखांवर खोबरेल तेलाचा जाड हात द्यायला शिवांगीला बजावलं. बायकांचं चालू होतं, "दादल्याला शिकव गं हे, भांडी घासून झाल्यावर." "आमच्या ह्यांना पायाची नखं कापायला येत न्हाईत." एकीने विचारलं, "लग्न झालंय का ह्या पोराचं?" मी ब्रश उचलून धरला, हलू नये म्हणून. शिवांगी हसली तर बांगड्या किणकिणायच्या, मी म्हणायचो, "हलू नको," ती आणखी हसायची.

शेवटी बडेअब्बांनी तिची बोटं चेहऱ्याजवळ घेतली. एकेका नखावरून अंगठ्याचं टोक हळूच फिरवलं, जिथे वाळलं होतं तिथेच. म्हणाले, "काच जैसा. बढिया."

परत येताना जीपमध्ये ते माझ्या खांद्याला टेकून झोपले. मी पायात गोळे आले तरी हललो नाही.

२९ नोव्हेंबर

हळद झाली. शिवांगीचा निरोप — "पार्लरवालीनं बघितलं. विचारलं, कुठल्या सलूनमध्ये केलं? मी म्हणाले, लोह्याचं आहे, नंबर देणार नाही."

पाच वेळा वाचला.

३० नोव्हेंबर, रविवार

लातूर. लग्न. सगळे गेलो, दादीसुद्धा. अक्षता टाकताना मी तिच्या नखांकडेच बघत होतो. दहाच्या दहा. बडेअब्बा पहिल्या रांगेत, मान थोडी तिरकी, आवाज ऐकत असल्यासारखी. जेवताना दादीने त्यांच्या पानातल्या प्रत्येक वाटीवर त्यांचं बोट टेकवून सांगितलं, ही भाजी, ही आमटी. पन्नास वर्षांचं प्रेम. अलीझा म्हणाली, मला असा नवरा नको, मला बोट सोडून जेवू देणारा पाहिजे.

४ डिसेंबर, गुरुवार

आठवा दिवस. रेणापूरहून फोटो आला, सत्यनारायणाच्या पूजेचा. डाव्या अंगठ्याच्या टोकाला केसाएवढी रेघ. बाकी नऊ जशीच्या तशी.

केसाएवढी रेघ का आली ते शोधलं पाहिजे.

७ डिसेंबर, रविवार

सिंधुकाकू दुकानात बुंदीचे लाडू घेऊन आल्या. बडेअब्बा आनंदाने म्हणाले, "बघितलं का? पोरानं लाल रंग असा लावला, आठ दिवस हालला न्हाई. लालच शोभतो नवरीला." सिंधुकाकूंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "हौ. लालच."

दुपारी दादीला मागच्या अंगणात विचारलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. "दो बरस हुए. पैले बाजू का दिखना गया, फिर बीच का. डाक्टर बोला, गया सो वापस नै आता. तेरेकू नै बोलने बोले थे. बोले, पोरगा डरपोक है, और डरेगा."

संध्याकाळी वहीचं शेवटचं पान उघडलं आणि सगळे डबे पुन्हा जुन्या जागी लावले. फळी नंबर, डबा नंबर. अलीझा म्हणाली, "कित्ते मेहनत से लगाया था, कायकू निकाल रा?" म्हटलं, "ऐसाच सही है." मग डोळे मिटले आणि न बघता मागे हात टाकला.

बडेअब्बा गल्ल्यावरून म्हणाले, "क्या कर रा रे?"

"कुछ नै. हिरवी कहाँ है, देख रा हूँ."